पाचवीची खोली

जी शाळा भरत नाही तिची घंटा रोज वेळेवर देणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या मोठ्या बाई.

घंटा म्हणजे रुळाचा तुकडा. वडगाव रासाईच्या अलीकडं भीमेच्या काठाला आमचं गाव. तिथल्या जुन्या शाळेच्या ओसरीत तो जाड तारेनं टांगलेला आहे. बाईंचे वडील दौंडला रेल्वेत गँगमन होते. मुलीला शिक्षिकेची नोकरी लागली की दुसऱ्यांचे वडील साडी देतात, घड्याळ देतात. ह्यांच्या वडिलांनी भंगारातला रूळ दिला. तेव्हा दौंड तालुक्यातून आमच्या शिरूरच्या बाजूला यायचं तर नावेतून यायचं. नावाडी म्हणाला, "बाई, ह्ये वझं ठिवा हितंच, न्हाईतर कुणीतरी एक पाण्यात जाईल." बाई म्हणाल्या, "मग तू उतर." हा किस्सा त्या स्वतः सांगायच्या आणि शेवटी न चुकता जोडायच्या, "चोरीचा नाही हां. वडिलांनी साहेबाला विचारून आणलाय."

नाव इंदू. पण ते गावात कुणाच्या तोंडी नव्हतं. पुढं शाळेत दुसऱ्या शिक्षिका आल्या, त्या वयानं लहान म्हणून छोट्या बाई झाल्या आणि ह्या मोठ्या बाई. छोट्या बाई मोठ्या बाईंपेक्षा हातभर उंच होत्या. परगावचा माणूस आला की हमखास चुकायचा, आणि मोठ्या बाई टाचा उंच करून म्हणायच्या, "मोठी मी. इंजिन लहानच असतं, डबे लांब असतात."

त्यांचं सगळं बोलणंच असं रेल्वेच्या रुळावरून चालायचं. गणित समजलं की, "लाइन क्लिअर." एखाद्या पोराला काही केल्या वाचता येत नसलं तर वर्गाला म्हणायच्या, "ह्याचा सिग्नल पडायचाय अजून. तोवर मागच्यांनी शिट्ट्या मारू नका." उशिरा आलेल्या मुलाला त्यांनी कधी मारलं नाही. "लेट झाली, पण आली. बस." मात्र दोन दिवस न आलेल्या मुलीच्या घरी त्या तिसऱ्या दिवशी उभ्या. पदर कमरेला खोचलेला, मनगटावर पुरुषी घड्याळ, दाढेखाली लवंग. वस्तीवरची कुत्री त्यांना भुंकत नसत, एवढं त्यांचं येणं-जाणं.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी मोठ्यानं सांगते, लाजायचं काय त्यात. शिरूरला एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते, रोज स्कुटीवरून जाते-येते. पण हे लिखाण माझ्याविषयी नाही. माझ्या पदवीच्या मागं जो एक सौदा आहे, तो बाईंनी केलेला होता, आणि तो त्यांना शेवटपर्यंत सलत राहिला, म्हणून लिहायला घेतलंय.

तो सौदा आधी सांगते. मी तेव्हा जन्मलेली नव्हते, पण आमच्या वस्तीवर ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेलीय की मला ती डोळ्यांनी बघितल्यासारखी वाटते.

बाई गावात नवीन आल्या तेव्हा आमच्या वस्तीवरच्या मुली दुसरीपर्यंतही टिकत नसत. आमची मेंढरं होती तेव्हा. दिवाळी झाली की वाडे, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाडं, कोकणाच्या वाटेला लागायचे. मुलगी थोडी मोठी झाली की कोकरं सांभाळायला, धाकटं भावंड काखेत घ्यायला तिची गरज. बागायतदारांच्या घरीही तेच. तिथं कोकरांऐवजी खुरपणी. बाईंनी घरोघरी सांगून पाहिलं, मग एक दिवस थेट आमच्या वस्तीवरच्या म्हातबा आबांकडं गेल्या. आबा म्हणजे माझ्या आईचे आजोबा. त्यांचा शब्द वस्तीवर आणि बाजारात दोन्हीकडं चालायचा. दारात सात-आठ माणसं बसलेली. एवढीशी बाई समोर उभी राहून म्हणतेय, "पोरी शाळेतून काढायच्या नाहीत."

आबा म्हणाले, "किती वरीस ठिवू म्हंता?"

"सातवीपर्यंत."

माणसं हसली. आबांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि स्वतःच्या हातावर पसरला. मेंढरांच्या बाजारात भाव असा ठरतो. रुमालाखाली दोघांचे हात, बोटं दाबून आकडा सांगायचा, बघणाऱ्याला काही कळू द्यायचं नाही. आणि रुमालाखाली जे ठरलं ते ठरलं. मग जगबुडी झाली तरी तो आकडा फिरत नाही. आबांनी रुमाल पसरला तो गमतीनं. बाई लाजून निघून जाईल म्हणून.

"या, मग करा सौदा."

बाई पुढं झाल्या आणि त्यांनी रुमालाखाली हात घातला.

वस्तीवर असला प्रकार कुणी बघितला नव्हता. बायका दारातून पदर तोंडाला लावून बघत होत्या. रुमालाखाली काय झालं ते पुढं आबांनीच सांगितलं. त्यांनी दोन बोटं दाबली. बाईंनी मान हलवली. आबांनी तीन दाबली. बाईंनी अख्खा पंजा त्यांच्या हातात दिला. बराच वेळ रुमाल नुसता हलत होता. शेवटी आबांनी बाईंचा अंगठा बाजूला सारला आणि राहिलेली चार बोटं मुठीत घट्ट धरली.

"झालं. पोरगी चौथीपत्तुर तुमची, फुडं आमची."

बाई म्हणाल्या, "लाइन क्लिअर."

त्या दिवसापासून आमच्या वस्तीवरची एकही मुलगी चौथीच्या आत शाळेतून निघाली नाही. वाडे कोकणात गेले तरी मुली आजीपाशी गावात राहिल्या. बागायतदारांनीही मग तोच आकडा धरला. बाईंचं नाव झालं. तालुक्याला सत्कार झाला, नारळ मिळाला. सगळे म्हणाले, बाईंनी करून दाखवलं. आणि खरंच करून दाखवलं होतं.

पुढचं कुणाच्या ध्यानात आलं नाही, ते आधी बाईंच्या ध्यानात आलं.

आमची शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला, ओढ्यापलीकडं. पहिल्या काही वर्षांत बाईंना वाटलं, एकदा चौथी गाठली की पुढचं आपोआप होईल. एका हुशार मुलीच्या बापाकडं त्या पाचवीचं बोलायला गेल्या. बापानं पाट दिला, चहा दिला, आणि अगदी प्रेमानं म्हणाला, "बाई, सौदा चाराचा झालाय न्हवं? आमी आमचा शबुद पाळला. आता तुमी तुमचा पाळा."

बाईंनी चहा संपवला आणि त्या उठल्या. शेजारच्या गावांत मुली हळूहळू पाचवीला, सातवीला जायला लागल्या. आमच्या गावात मात्र चौथी झाली की मुलीच्या हातात विळा. कुणी जुलमानं वागत होतं असं नाही. उलट शब्द पाळल्याचा अभिमान होता. बाईंनी बांधलेला बांध तो, आणि बाईच त्याच्या अलीकडं अडकल्या.

त्या मुलींतली एक माझी आई. पार्वती तिचं नाव. बाई तिला पारू म्हणायच्या.

शाळेची पायरी काळ्या दगडाची आहे. रानात जाणाऱ्या बायका जाता जाता तिच्यावर विळा घासून धार लावायच्या. गावात तसा सपाट, खरखरीत दगड दुसरा नव्हता. चौथी झालेल्या मुलीही तिथंच विळा घासायला बसायच्या. घरी दगड नव्हता असं नाही. पण बसायच्या तिथंच, आणि बरोबर घंटेच्या वेळेला. आत वर्ग चालू व्हायचा. बाई दारात येऊन उभ्या राहायच्या. "कशी आहेस", "काय चाललंय", असलं काही विचारायच्या नाहीत. एकदम म्हणायच्या, "सतरा साते?"

खाली मान घालून विळा घासणारी मुलगी मान वर न करता म्हणायची, "एकशे एकोणीस."

"तेवीस नव्वे?"

"दोनशे सात."

"जा. ऊन चढतंय."

आई सांगते, लग्न ठरलं त्या आठवड्यातसुद्धा ती पायरीवर बसून सव्वीसचा पाढा म्हणून आली होती. तिचं सासर आमच्याच वस्तीवर, वरच्या अंगाकडून खालच्या अंगाला. त्यामुळं लग्नानंतरही विळा त्याच दगडावर. ह्या विळ्यांनी त्या पायरीला खाचा पडल्यात, बोट आत बसेल एवढ्या खोल.

माझी चौथी झाली तेव्हा आमची मेंढरं मोडून उसाची शेती झाली होती. तरी माझे आजोबा जेवता जेवता म्हणाले, "झाली की चौथी." सासऱ्यासमोर कधी तोंड न उघडलेली माझी आई चुलीपाशी बसूनच म्हणाली, "सौदा आबांचा व्हता. आबा गेलं." एवढंच. भाकरी उलटली. आजोबांनी तिच्याकडं बघितलं आणि भाकरीसाठी ताट पुढं केलं. मी पाचवीला गेले. नंतर गावातल्या सगळ्याच मुली जायला लागल्या. हे बाईंना कळलं तेव्हा त्या पायरीवर आल्या आणि आईला त्यांनी पाढा विचारला नाही. नुसत्या उभ्या राहिल्या, असं आई सांगते.

बाई निवृत्त झाल्या पण गावातून गेल्या नाहीत. लग्न केलेलं नव्हतं. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायच्या, "दौंडला गाडी इंजिन दुसऱ्या टोकाला लावायला थांबते ना? माझी तिथंच थांबली. इंजिन लावायला कोणी आलंच नाही." आणि स्वतःच हसायच्या. शाळेच्या मागच्या बाजूला एका खोलीत राहायच्या. सकाळी एक भाकरी थापायच्या. अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. दोन भाकरींचं पीठ मळायचंच विसरून गेले, म्हणायच्या.

नवी शाळा सडकेला झाली, स्लॅबची, रंगीत. जुनी पाडायचं ठरलं. तेव्हा आमचे नाना मधे पडले. नाना म्हणजे गावातले मोठे बागायतदार, साखर कारखान्याच्या राजकारणात वावरणारे, बाईंचेच विद्यार्थी. पांढरी गाडी, पांढरे कपडे, पण बाई दिसल्या की गाडीतून उतरून पाया पडणार. त्यांनी वर्गणी काढली, कौलं शाकारून घेतली आणि जुन्या शाळेचं संग्रहालय केलं. गावातून वस्तू गोळा झाल्या. दगडी पाट्या, बोरू, दौती, मण्यांची चौकट, कापडावरचा नकाशा, सुकडी शिजवायचं पितळी पातेलं, रेडिओ. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून येणारी मंडळी येऊन फोटो काढून जातील असं नानांना वाटलं होतं.

संग्रहालय सांभाळायला बाईंना कुणी नेमलं नाही. त्यांनी किल्ली पदराला बांधली, झालं. सकाळी झाडून घ्यायचं, वेळेला रुळावर घाव घालायचा, दार उघडायचं, खुर्ची ओसरीत टाकून बसायचं. दुपारी मधल्या सुट्टीची घंटा. संध्याकाळी शाळा सुटल्याची. मी एकदा विचारलं, "बाई, घंटा कुणासाठी देता?" त्या म्हणाल्या, "गाडी नसली तरी फाटकवाला फाटक सोडून जातो का?"

बघायला कोण यायचं? पहिलं वर्षभर बरी माणसं आली. मग कुत्रं. बाईंनी कुत्र्यालाही पायरीपाशी थांबायची सवय लावली होती. एकदा बियाण्याच्या कंपनीचा एक पोरगा पत्ता विचारायला थांबला. त्याला पाऊण तास तरटाच्या पट्टीवर बसवून सगळं दाखवलं. बिचाऱ्याचं डोकं दुखायला लागलं, तर त्याला लवंग दिली. पण सगळ्यात जास्त वेळा हे संग्रहालय बघितलेला माणूस म्हणजे ऊसतोडणीच्या मशीनवरचा उत्तर प्रदेशचा मेकॅनिक, रामसजीवन. पाणी मागायला आला होता. बाईंचं हिंदी दौंडच्या स्टेशनवरचं. "देखो, ये मण्यांकी चौकट. इसपे बच्चा लोग गिनती सीखता." त्यानं मणी सरकवून पाहिले आणि म्हणाला, "अम्मा, हमारे गाँव में भी था." मग हंगामभर दर आठवड्याला एकदा तो यायचा. पाणी प्यायचा, मणी सरकवायचा, जायचा. हंगाम संपून मशीन पाटसच्या बाजूला गेलं आणि नंतर कुठं गेलं कळलं नाही. त्यानंतर कित्येक दिवस बाई तांब्याभर पाणी आणि फुलपात्र ओसरीत मांडून ठेवायच्या. एकदा मीच ते प्यायले तर म्हणाल्या, "असू दे. दुसरं भरते."

बाईंना माणसं हवी होती, पण कोणतीही नको होती. त्यांना कोण हवं होतं, हे मला खोलीवरून कळलं.

शाळेला दोनच खोल्या. एकीत सगळ्या वस्तू मांडल्या. दुसऱ्या खोलीत देणगीदारांचे फोटो लावायचे असा नानांचा बेत होता. खिळे, फ्रेमा, सगळं घेऊन माणूस आला. बाई दारात उभ्या.

"ही खोली लागलेली आहे."

नानांना फोन गेला. नाना आले. "बाई, कुणाला लागली खोली?"

"पाचवीला."

नाना हसले. "बाई, आवं आपली शाळा चौथीपत्तुरच व्हती की!"

"म्हणूनच लागणार आहे."

नानांना काही कळलं नाही, पण बाईंपुढं बोलायची त्यांची टाप नव्हती. फोटो ओसरीत लागले. त्या खोलीत बाईंनी काहीच ठेवलं नाही. एक फळा, एक खडूचा तुकडा, आणि बसायची एक लांब पट्टी, गुंडाळून कोपऱ्यात उभी. दाराच्या चौकटीवर खडूनं लिहिलं, इयत्ता पाचवी. अक्षर पुसट झालं की पुन्हा गिरवायच्या. आलेल्यांपैकी कुणी विचारलं, हिच्यात काय आहे, तर म्हणायच्या, "मुली यायच्यात अजून."

संग्रहालयाच्या उद्घाटनाला सगळं गाव आलं होतं. मांडव, माईक, जेवणावळ. बाईंनी त्या दिवशी इस्त्रीची साडी नेसली होती. पाहुणे आत फिरत होते आणि बाई मात्र पायरीवर उभ्या राहून बायकांच्या घोळक्याकडं बघत होत्या. त्यात आई होती, आईच्या वर्गातली सखूमावशी होती, चौथी झालेल्या सगळ्या होत्या. सगळ्या ठेवणीतल्या साड्यांत, मांडवाच्या कडेला.

"आत या गं," बाई म्हणाल्या.

"पुरुषमाणसं हायेत आत. होऊ द्या त्येंचं."

पुरुषमाणसं बाहेर आली. "या आता."

"पंगत बसायचीय बाई. वाढपं कोण करनार?"

पंगती उठल्या. भांडी घासायची होती. मग म्हशींच्या धारेची वेळ झाली. बाई पाचवीच्या खोलीत पट्टी पसरून दिवे लागेपर्यंत बसून होत्या. मी घरी येऊन आईवर चिडले. आई ठेवणीतली साडी घडी घालत होती. म्हणाली, "काय बघायचं गं आत? दौत, पाटी? आमी तिथंच व्हतो की. जितपत आत जायाचं तितपत गेलो."

त्यानंतर कधीही बाईंनी त्यांना बोलावलं नाही. फक्त घंटा दिली की ओसरीतली खुर्ची रस्त्याकडं तोंड करून ठेवायच्या. बायका पिकअपमधून खुरपणीला जायच्या. आता सगळ्यांकडं बाजारातले दातेरी विळे, त्यांना धार लावावी लागत नाही. पायरीवर बसायचं कारणच उरलं नव्हतं.

एक दिवस नानांनी त्या पायरीवर ग्रॅनाइट बसवायला माणसं पाठवली. वाईट हेतू नव्हता. दर्शनी भाग चकचकीत दिसावा म्हणून. फरशी ट्रॉलीतून उतरली आणि बाई पायरीवर बसल्या. उठेनात. मी कामावरून येत होते, गर्दी बघून थांबले.

नाना खाली वाकून समजावत होते. "बाई, फुटलीय ती पायरी. खाचा पडल्यात किती बघा."

"कशानं पडल्या?"

"पेन्सिली घासून. आमीच घासायचो की. पाटी लावू आपन तशी तिथं. पोरांच्या पेन्सिलींच्या खुणा म्हणून."

"पेन्सिलीनं दगड झिजतो का रे नाना? गणितात कच्चाच राहिलास." मग त्यांचा आवाज उतरला. "हे विळ्यांचं आहे. तुझ्याबरोबर बसायची ती पारू, ती सखू. तुझ्यापुढं असायच्या पाढ्यात. आठवतं?"

नाना उभे राहिले. गर्दीत मागं आई होती, डोक्यावर गवताचा भारा. तिच्याकडं त्यांची नजर गेली, आणि त्यांनी फरशी परत ट्रॉलीत भरायला सांगितली.

त्या संध्याकाळी मी बाईंजवळ पायरीवर बसले. खाचेवरून बोट फिरवत त्या म्हणाल्या, "वडील सांगायचे, इंदे, रूळ बदलायचा खटका एकदाच ओढायचा, पण ओढायच्या आधी गाडी कुठं जाणार ते बघायचं. मी तेव्हा विशीतली. म्हातारा चार म्हणाला आणि मला वाटलं, जिंकले. रुमालाखालून हात काढून घेतला असता तर? अजून तासभर धरून ठेवला असता तर? पाचवं बोट होतं गं माझ्या हातात."

मी म्हणाले, "बाई, तुम्ही चार घेतली नसती तर दोनवरच राहिलं असतं."

"ते मला सगळेच सांगतात," बाई म्हणाल्या. "तू नवीन काहीतरी सांग. शिकलीस ना?"

गेल्या हिवाळ्यात बाई त्याच पायरीवरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण चालणं गेल्यासारखं झालं. डोळ्यांनीही कमी दिसायला लागलं होतं. दौंडचा भाचा आला. भला माणूस. म्हणाला, मावशी आता एकटी नको. बाई भांडल्या नाहीत, ह्याचंच मला जास्त वाईट वाटलं. घरी आईला सांगितलं, "बाई उद्या जायच्यात." आई गोठ्यात गेली आणि वळचणीत हात घालून काहीतरी शोधत राहिली.

सकाळी भाच्याचा टेम्पो शाळेपुढं लागला. सामान ते काय. एक पत्र्याची पेटी, गादी, स्टोव्ह. मी रजा टाकून मदतीला गेले होते. बाईंनी खुर्चीचा आधार घेत घंटा दिली. घाव नीट बसला नाही. तेवढ्यात पायरीवर खर्र खर्र आवाज आला.

आई बसली होती. हातात जुना विळा, बिनदातेरी, गंजलेला. मान खाली घालून घासत होती.

बाई दारात आल्या. नीट दिसत नव्हतं त्यांना, पण त्यांनी आवाजावरून ओळखलं.

"सतरा साते?"

"एकशे एकोणीस."

"तेवीस नव्वे?"

"दोनशे सात."

पुढं बाईंनी "जा, ऊन चढतंय" म्हणायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "आत येतेस का?"

आईनं विळा थांबवला. "पाय मातीचं हायेत, बाई."

"असू देत."

आईनं विळा पायरीवर ठेवला, चपला काढल्या, पाय साडीच्या काठाला पुसले. पहिली खोली ओलांडून दुसरीच्या दारात थांबली. आत डोकावली. रिकामी खोली, फळा, कोपऱ्यात पट्टी.

"पाचवी अशी असती व्हय," आई म्हणाली.

पट्टी मी पसरली. आई कडेला, भिंतीला टेकून, मांडी घालून बसली. पन्नाशी ओलांडलेली माझी आई, पदर डोक्यावरून घेऊन, दोन्ही हात मांडीवर. बाई भिंत धरत फळ्यापाशी गेल्या. सवयीनं वरच्या कोपऱ्यात लिहिलं, इयत्ता पाचवी. खाली, पट. त्या शब्दापुढं खडू टेकवला, मग जागा कोरीच सोडून खाली लिहिलं, हजर, एक. आणि वळून मला हळूच विचारलं, "पाचवीचा पहिला धडा कोणता असतो गं? मी कधी घेतलाच नाही."

मला आठवेना.

"मग पाढेच घेऊ. एकोणतीसचा. हा तुला दिलेला नव्हता, पारू. म्हण माझ्यामागं."

"एकोणतीस एके एकोणतीस," आई बाईंच्या मागं म्हणाली. "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. एकोणतीस चोक एकशे सोळा."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. भाचा दारात येऊन म्हणाला, "मावशी, ऊन व्हायच्या आत निघू."

बाईंनी खडू ठेवला. "पुढचा घरून करून आण," म्हणाल्या.

किल्ली आता नानांकडं आहे. झेंड्याच्या दिवशी दार उघडतं. फळा कुणी पुसलेला नाही, पुसू नका म्हणून मीच सांगितलंय.

त्या दिवशी टेम्पोत पुढं बसायला बाई तयार होईनात. मागंच बसल्या, पेटीवर, गादीला टेकून, तोंड शाळेकडं. भाचा म्हणाला, "अगं, उलटं बसून गरगरेल." त्या म्हणाल्या, "दौंडची आहे मी. इंजिन फिरलं की आमच्यात निम्मा प्रवास उलटाच होतो." टेम्पो हलला. त्यांनी हात वगैरे केला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या आमच्याकडं, म्हणजे आम्ही असू त्या बाजूला, बघत राहिल्या. आई पायरीवर विळा घेऊन उभी होती. तिचे ओठ हलत होते, बोटं पेरांवर मोजत होती. टेम्पो उसाच्या वळणाला लागला आणि नुसती पांढरी साडी दिसायला लागली, तेव्हा आई एकदम रस्त्याच्या मधोमध गेली आणि ओरडली,

"एकोणतीस पंचे एकशे पंचेचाळीस!"

धुरळा बसेपर्यंत ती तिथंच उभी होती. मग विळा कमरेला खोचून रानात गेली.